जाबदेणार

वकीलबाईंनी तक्रारीचा मराठी मसुदा पाठवला, तेव्हा आईनं चष्मा पुसून पहिलं पान दोनदा वाचलं. वर तिचं नाव, पुढे ‘तक्रारदार’. मग ‘विरुद्ध’. त्याखाली ज्यांच्याकडे आम्ही बावीस वर्षं खोकल्यापासून टायफॉइडपर्यंत सगळं घेऊन गेलो त्या डॉक्टरांचं नाव, आणि पुढे ‘जाबदेणार’.

पुण्याकडच्या ग्राहक तक्रारींत समोरच्या पक्षाला हा शब्द चालतो. आई महापालिकेच्या शाळेत 35 वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “चांगला आहे. मला तेवढंच हवंय. जाब.”

पुढे प्रकरण मिटलं. किती रुपयांवर मिटलं ते सांगायचं नाही आणि कुणाशी मिटलं तेही सांगायचं नाही, असं करारात कलम आहे. मी दोन्ही पाळणार आहे. आकड्यात तसंही सांगण्यासारखं काही नाही.

*

सप्टेंबर 2022. गणपती नुकतेच गेले होते. आईला तेव्हा एकाहत्तर पूर्ण होती, साखर पंधरा वर्षांपासूनची. फ्लूची लस घेऊन टाका, असं डॉक्टरच म्हणाले. आईला आग्रह करावा लागला नाही. तिच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत, चार आण्याएवढे, आणि ते ती अभिमानानं दाखवते. 1995 साली पल्स पोलिओ सुरू झाल्यापासून निवृत्तीपर्यंत कितीतरी रविवार तिनं बूथवर पोरांच्या करंगळीला शाई लावण्यात घालवले. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आमच्या घरी श्रीखंड आणलं होतं. आपण काही केलं, असं वाटण्याचे प्रसंग शिक्षकांच्या वाट्याला कमी येतात, त्यातला तो एक.

तर दवाखान्यात नवीन मुलगा होता. स्टूल भिंतीला लागून, आईची डावी बाजू भिंतीकडे, म्हणून उजवा हात पुढे केला. आईचे ब्लाऊज जुन्या पद्धतीचे, घट्ट, कोपराच्या वर चार बोटं येणाऱ्या बाह्यांचे. बाही वर सरकेना. मग मुलानं ब्लाऊजचा गळाच बाजूला ओढला, खांदा उघडा केला आणि जे दिसलं तिथे सुई टोचली. मी शेजारी उभी होते आणि फोनवर होते. हे मी शपथपत्रातही लिहिलंय, फोनचं सोडून.

सगळं प्रकरण त्या बाहीत होतं, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. दंडात लस द्यायची जागा खांद्याच्या टोकाला जे हाड लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, जिथे स्नायू जाड असतो. त्याच्या वर गेलात की स्नायू पातळ होतो आणि खाली असते सांध्याजवळची द्रवाची पिशवी, बर्सा. लस स्नायूऐवजी तिथे गेली, तर तिथे सूज धरते आणि खांदा हळूहळू आखडू शकतो. बाही गुंडाळून वर घेतली की दंडाचा मधला भाग उघडा पडतो. गळा ओढून खाली घेतला, की उघडा पडतो तो खांद्याचा माथा. पोलक्याच्या बाहीचं माप ही वैद्यकीय बाब असते, हे कुठल्याही शिंप्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

आई हिशेबाची डायरी लिहिते. लग्नापासून. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, मध्ये तपशील, आणि तपशिलात कधीकधी जगाबद्दलचं एखादं मत. त्या दिवशीची नोंद अशी: ‘फ्लूची लस 1,800. रिक्षा 45 + 50 (परतीच्यानं जास्त घेतले). खांदा ठणकतो. झोप नाही.’

हे वाक्य पुढे आमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरणार होतं.

*

दुखणं सगळे सोसतात, आईनंही सोसलं. तिला मोडलं ते अंबाड्यानं.

दिवाळीपर्यंत तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना आणि पाठीमागे तर कमरेपर्यंतही पोचेना. फ्रोझन शोल्डर. फळीवरचा डबा काढणं, दोरीवर कपडे टाकणं, देवघरातली वरची पणती, हे सगळं गेलं आणि त्याला पर्याय निघाले. पण केस? पन्नास-साठ वर्षं पहाटे उठून, दिवा न लावता, आरशाशिवाय तिनं अंबाडा घातला होता. आता ती सकाळी कंगवा आणि आकडे घेऊन माझ्या दारात उभी राहायची. मी ऑफिसच्या घाईत. पाठमोरी बसायची, मान खाली. मी बांधलेला अंबाडा दुपारी सुटायचा, तेव्हा ती मला काही सांगायची नाही. डाव्या हातानं नुसता गुंडाळून ठेवायची. संध्याकाळी मी आले की मला कळायचं.

डिसेंबरात तिनं केस कापले. खांद्यापर्यंत. “बरं दिसतं,” असं सगळे म्हणाले. मलाही दिसलं. मी तिला ते सांगितलं नाही, कारण खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, एमआरआय केला, कुठे टोचलं ते विचारलं. आईनं डाव्या हाताचं बोट नेमकं ठेवलं. त्यांनी मान हलवली. याला अमेरिकेत एक नाव आहे, म्हणाले, ‘सिर्व्हा’. लशीमुळे नव्हे, लस चुकीच्या जागी दिल्यामुळे झालेली खांद्याची इजा. मग लगेच पुढचं वाक्य: “पण आजी, मधुमेहात खांदा असाही आखडतो, काही न करता. त्यामुळे हे सुईशी सुसंगत आहे, एवढं मी लिहून देईन. सुईमुळेच झालं, असं लिहून देणार नाही.”

त्यांचं बरोबरच होतं, आणि तेच आमचं दुखणं होतं. घरी येताना आई ‘सुसंगत’ हा शब्द तोंडात घोळवत होती. “सुसंगत म्हणजे काय गं? संगत चांगली आहे. लग्न झालंय असं नाही.”

*

आधी आम्ही आमच्या डॉक्टरांकडेच गेलो. भांडायला नाही. आईला वाटत होतं की ते त्या मुलाला बोलावतील, विचारतील, आणि म्हणतील, “हो काकू, चुकलं.” ते म्हणाले, “फ्लूच्या लशीनं असं होत नाही हो.” मुलगा गावी निघून गेला होता. केसपेपरवर ‘फ्लू लस दिली’ एवढंच. कोणत्या हातात, कुठे, लशीचा बॅच नंबर काय, काही नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते जास्त अवघडले. तिसऱ्यांदा रिसेप्शनिस्टनं सांगितलं की सर बिझी आहेत. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा.

ते का गप्प झाले, हे मला वकीलबाईंनी नंतर समजावलं. डॉक्टरांनी व्यवसायाचा विमा घेतलेला असतो आणि त्या पॉलिसीत सहसा अट असते: विमा कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही. म्हणजे माणसाला वाईट वाटलं, तरी ते म्हणायला त्याला परवानगी लागते. हे कळल्यावर माझा राग थोडा कमी झाला. आईचा वाढला. “परवानगी मागायची होती मग,” ती म्हणाली.

नोटिशीला उत्तर आलं ते विमा कंपनीच्या वकिलांचं. तीन पानं. त्यातला कळीचा शब्द ‘योगायोग’. तो त्यांनी हवेतून आणला नव्हता. लसीकरणानंतर काही विपरीत घडलं, तर त्याची वर्गवारी करायची जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत आहे आणि आपल्याकडच्या एईएफआय समित्या, म्हणजे अशा घटना तपासणाऱ्या समित्याही तीच वापरतात. लशीशी कार्यकारणसंबंध जुळतो, अनिश्चित आहे, जुळत नाही म्हणजे योगायोग, किंवा माहितीच अपुरी. जुळतो या रकान्यातही पोटभेद आहेत: लशीतल्या द्रव्यामुळे, लशीच्या दर्जातल्या दोषामुळे, देताना झालेल्या चुकीमुळे, सुईच्या भीतीमुळे. आमचा अर्धा वाद एवढाच होता की लशीला दोष देऊ नका, देणाऱ्याच्या हाताला द्या. पण हे बारीक सांगायला समोर कुणी ऐकणारं लागतं. तसा फॉर्म भरून कळवायला हवा होता. तो कुणी भरलाच नव्हता.

आणि उरलेल्या जगाला ते बारीक ऐकायचंच नव्हतं. सोसायटीतले एक गृहस्थ लिफ्टमध्ये म्हणाले, “आम्ही म्हणतच होतो, या लशी म्हणजे...” आईनं त्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंतही बोलू दिलं नाही. पुण्यात राहून लशीच्या विरोधात बोलणं म्हणजे सोलापुरात राहून चादरीला नावं ठेवण्यासारखं. जानेवारी 2021 मध्ये मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डचे पहिले ट्रक पहाटे पूजा करून निघाले, तेव्हा आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. दावा चालू असतानाही तिनं पुढच्या वर्षीची फ्लूची लस घेतली. दुसऱ्या दवाखान्यात, डाव्या दंडात, आणि त्यासाठी शिंप्याकडून सैल बाहीचा एक ब्लाऊज मुद्दाम शिवून घेतला. घरात त्याला ‘लशीचा ब्लाऊज’ म्हणतात. समोरच्या वकिलांनी तेही काढलं: एवढी इजा झाली तर पुन्हा लस कशी घेतली? आईनं वकीलबाईंना सांगितलं, “त्यांना विचारा, रिक्षा उलटली म्हणून तुम्ही चालत जाता का?”

*

त्या वर्षभरात मी रात्री जागून पुष्कळ वाचलं. वकीलबाई म्हणायच्या, वाचू नका, त्रास होतो. झाला.

अमेरिकेत 1986 साली कायदा झाला आणि 1988 पासून लशीच्या इजेची भरपाई देणारी वेगळी योजना सुरू आहे. प्रत्येक डोसवर, तो जितक्या रोगांपासून वाचवतो त्या प्रत्येक रोगामागे 75 सेंट असा कर, आणि त्यातून निधी. कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. 2017 पासून त्यांच्या तक्त्यात हा खांदाही आहे: लस घेतल्यापासून 48 तासांत दुखायला लागलं आणि बाकीच्या अटी बसल्या, तर ते सुईमुळेच, असं गृहीत धरतात. मी आईची डायरी पुन्हा उघडून पाहिली. ‘खांदा ठणकतो. झोप नाही.’ सात-आठ तास.

आमचा दावा चालू होता तेव्हा आपल्याकडे अशी योजना नव्हती. कोविड लशीनंतरच्या मृत्यूंच्या प्रकरणात केंद्र सरकारनं 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जा. आम्ही पैसे भरून खासगी दवाखान्यात लस घेतलेली, म्हणून आम्हाला ग्राहक आयोगाचं दार होतं. 1995 च्या शांता खटल्यापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. हीच लस सरकारी केंद्रात फुकट टोचली असती तर आई ‘ग्राहक’ ठरली नसती. नव्या कायद्यात दावा कुठे चालवायचा ते मागितलेल्या भरपाईवरून नाही, मोजलेल्या किमतीवरून ठरतं. आमची किंमत 1,800 रुपये. फी शून्य.

अमेरिकेचं पुढचं वाचलं आणि हसू आलं. तिथल्या त्या सोप्या योजनेतसुद्धा दिलेल्या भरपायांपैकी साधारण 60 टक्के तडजोडीनं दिलेल्या असतात. आणि तडजोड म्हणजे, लशीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष सरकारनं काढलेला नसतो. पैसे घ्या, प्रश्न तसाच राहू द्या.

प्रश्न तडीला नेणं किती लांबतं, याचं आपल्याजवळचं उदाहरण हाफकिन. मुंबईत प्लेगची लस तयार करणारा माणूस. 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस टोचली आणि त्यातले 19 जण धनुर्वातानं मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, हाफकिनवर. पुढे पुरावा निघाला तो असा की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. लस चांगली होती. चिमटा पडला होता. मी हे आईला वाचून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “निदान चिमटा पडला असं कुणीतरी सांगितलं.”

*

पहिल्या एक-दोन तारखांतच मध्यस्थीचा विषय निघाला. 2019 च्या ग्राहक कायद्यात तशी सोय आहे. वकीलबाईंनी नियम काढले. 2020 च्या मध्यस्थी नियमांत लिहिलंय की वैद्यकीय निष्काळजीपणामुळे गंभीर इजा किंवा मृत्यू झाला असेल, तर ते प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायचं नाही. म्हणजे मध्यस्थी हवी असेल, तर आईची इजा गंभीर नाही हे आम्ही मान्य करायला हवं.

“मग काय, विनोदी आहे?” आई म्हणाली.

ती ते लिहून द्यायला तयार होईना. शेवटी दोन्ही वकिलांनी ठरवलं की बाहेर बसून बोलू आणि जमलं तर तडजोड पुरसीस, म्हणजे वाद मिटल्याचं लेखी निवेदन, दाखल करू. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका चेंबरमध्ये चार बैठका झाल्या. आम्ही आनंदनगरहून मेट्रोनं सिव्हिल कोर्टला उतरायचो. मेट्रोत वरची कडी आईला धरता येत नाही, म्हणून तिला दाराजवळच्या उभ्या खांबाशी उभं करून मी समोर उभी राहायचे. जागा देणारी पोरं भेटायची. ती बसायची नाही.

विमा कंपनीचे वकील तरुण होते, मऊ बोलायचे, आईला काकू म्हणायचे. मसुदा त्यांनीच केला. कलम चार: ‘जाबदेणार यांनी कोणतीही जबाबदारी अथवा निष्काळजीपणा मान्य न करता, केवळ वाद मिटविण्याच्या हेतूने...’ कलम पाच: ‘पूर्ण व अंतिम’.

आईनं पेन्सिलीनं कलम चारखाली रेघ मारली. पेपर तपासण्याची सवय.

“यात एक वाक्य घाला,” ती म्हणाली. “‘सुई नेहमीच्या जागेच्या वर टोचली गेली असण्याची शक्यता आहे.’ शक्यता म्हणतेय मी. झालं असं म्हणत नाहीये.”

वकील हसले, मग हसायचं थांबले. “काकू, ते नाही जमणार.”

“का?”

“पॉलिसी आहे.”

आईनं थोडा विचार केला. “बरं, मग पैसे कमी करा.”

मी तिच्याकडे पाहिलं. वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या गुडघ्याला हात लावला.

“पंचवीस हजार कमी करा आणि वाक्य घाला,” आई म्हणाली. “पन्नास करा.”

मंडईत मी तिला तीस वर्षं घासाघीस करताना पाहिलंय, पण उलट्या दिशेनं पहिल्यांदाच. तो तरुण वकील खरोखर गोंधळला. बाहेर जाऊन फोन करून आला. म्हणाला, रक्कम थोडी वाढवता येईल असं वरून सांगितलंय. वाक्य नाही.

त्या रात्री मी आईला सही करायला लावली. हे इथे साफ लिहिते. तिला निकाल हवा होता. मी तिला हिशेब मांडून दाखवला: साखरेचा मुद्दा त्यांच्या बाजूनं भक्कम, सुई टोचणारा मुलगा साक्षीला मिळत नाही, हाडांचे डॉक्टर ‘सुसंगत’च्या पुढे जाणार नाहीत. जिंकलोच तर ते अपिलात जातील, राज्य आयोग, मग राष्ट्रीय. तू चौऱ्याहत्तरची. तिनं विचारलं, “आणि तू?” मी म्हटलं, “मी दमले आई.” एवढ्या सगळ्या मुद्द्यांत तो एकच खरा होता, आणि तो तिनं मान्य केला.

*

सहीच्या दिवशी डॉक्टर स्वतः आले होते. तीन वर्षांत आम्ही त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. केस पुष्कळ पांढरे झालेले. आईनं डाव्या हातानं कागद सरळ धरून उजव्यानं सही केली. सहीपुरता खांदा हलवावा लागत नाही, त्यामुळे अक्षर अजून फळ्यावरचं आहे. त्यांनी केली. वकिलांनी केल्या. तरुण वकिलानं धनादेश पाकिटात घालून दिला. सगळ्यांनी चहा नको म्हटलं.

बाहेर जिन्याशी आई कठड्याला धरून थांबली होती. डॉक्टर मागून आले. तिच्यापुढून निघून जाता आलं असतं. ते थांबले आणि जुन्या सवयीनं, दवाखान्यातल्या त्याच आवाजात म्हणाले, “हात वर करा बघू.”

आईनं केला. कानाच्या वर चार बोटं येतो आता. तिथे थांबला, थोडा थरथरला. ते पुढे झाले, दोन बोटांनी तिच्या खांद्याचं हाड चाचपलं, मग तिथून सरकत खाली आले. एक बोट. दोन. तीन. तिथे थांबले. मग पुन्हा वर, जिथे दुखतं तिथे.

“हं,” ते म्हणाले.

आणि जिना उतरून गेले.

मेट्रोत आई बराच वेळ बोलली नाही. नळस्टॉप गेल्यावर तिनं विचारलं, “ऐकलंस ना तू?”

“ऐकलं.”

रात्री ती डायरी लिहीत बसली. सकाळी मी अभावितपणे पान उघडलं. जमा रकान्यात तो आकडा होता, जो मी इथे लिहायचा नाही. तपशिलात ‘तडजोड’ लिहून एका रेघेनं खोडलेलं. त्याखाली तिच्या वळणदार अक्षरात:

‘डॉक्टरांनी खांदा बघितला. हं म्हणाले. मेट्रो 40. कोथिंबीर 15 (महाग).’